‘तीन झाडे’ : रेम्ब्रांटच्या एका अम्लरेखनातील गोपभूमीचा आस्वाद

सारांश

डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या १६४३ सालच्या ‘तीन झाडे’ या मुद्राचित्राचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या चित्राचे धार्मिक प्रतीक म्हणून, चित्रकाराच्या वैयक्तिक दुःखाचे प्रतिबिंब म्हणून आणि ग्रामीण श्रमावर पांघरूण घालणारे दृश्य म्हणून अर्थ लावता येतात. या तिन्ही अर्थांना चित्र कितपत आधार देते हे तपासून असे प्रतिपादन केले आहे की, गोपकाव्याच्या परंपरेत मध्यभागी असणारे प्रेमी युगुल रेम्ब्रांटने अंधारात सरकवले आणि हवामान, काम व शहर यांना उघड्यावर आणले. हा पालट अम्लरेखनाच्या तंत्रातूनच घडतो, म्हणून या चित्राचा आस्वाद तंत्राच्या जाणिवेशिवाय अपुरा राहतो.

बीजसंज्ञा : गोपकाव्य, निसर्गदृश्य, अम्लरेखन, रेम्ब्रांट, डच कला, आस्वाद

प्रस्तावना

निसर्गदृश्याचा आस्वाद हा वरवर पाहता सोपा, परंतु समीक्षेची कसोटी पाहणारा विषय आहे. पौराणिक वा ऐतिहासिक चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला कथेचा आधार असतो, व्यक्तिचित्रासमोर चेहऱ्याचा आधार असतो. शेत, झाडे, गुरे आणि आभाळ एवढेच ज्या चित्रात आहे त्याविषयी लिहिताना मात्र ‘रमणीय’, ‘शांत’, ‘मनोहर’ या विशेषणांच्या पुढे जाणे अवघड होते. ही अडचण ओलांडण्यासाठी समीक्षा बहुधा तीनपैकी एक वाट धरते. चित्रातील वस्तूंना प्रतीके मानून त्यांचा उलगडा करणे ही पहिली वाट. चित्रकाराच्या आयुष्यातील घटना चित्रात शोधणे ही दुसरी. ग्रामीण सौंदर्याचे चित्रण म्हणजे शेतावर राबणाऱ्यांच्या हालअपेष्टा झाकणारा बनाव आहे, असे दाखवून देणे ही तिसरी वाट होय.

या तिन्ही वाटा उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु तिन्हींत एक समान धोका आहे. चित्र कशाविषयी आहे हे एकदा ठरले की, ते पाहण्याची गरज संपल्यासारखी वाटते. रेम्ब्रांटचे ‘तीन झाडे’ हे चित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. पाश्चात्त्य मुद्राचित्रांच्या इतिहासात ते अतिशय प्रसिद्ध आहे, ॲम्स्टरडॅमचे राईक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम व न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम अशा मोठ्या संग्रहांत त्याच्या प्रती आहेत आणि त्याच्यावर वरील तिन्ही प्रकारचे अर्थ लादता येण्यासारखे आहेत. तरीही या अर्थांच्या हाती न लागणारे बरेच काही त्यात शिल्लक राहते. ते काय आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गोपकाव्याची परंपरा आणि रेम्ब्रांट

गोपजीवनाचे काव्य युरोपात इ. स. पू. तिसऱ्या शतकातील थिओक्रिटस या ग्रीक कवीपासून सुरू झाले असे मानले जाते. सिसिलीतील गुराख्यांची गाणी, त्यांच्या गायनस्पर्धा आणि प्रेमाची हुरहूर हे त्याचे विषय होते. इ. स. पू. पहिल्या शतकात रोमन कवी व्हर्जिल याने ‘एक्लॉग्ज’ या दहा कवितांतून ही परंपरा लॅटिन भाषेत आणली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हर्जिलच्या पहिल्याच कवितेत एक मेंढपाळ झाडाच्या सावलीत निवांत बसलेला आहे, तर दुसरा स्वतःच्या जमिनीवरून हुसकावला जाऊन परागंदा होत आहे. म्हणजेच गोपभूमीच्या सुखाला विस्थापनाची किनार आरंभापासूनच होती. प्रबोधनकाळातील दरबारी साहित्याने मात्र ही किनार बरीचशी पुसली. सावली, पाणी, बासरी, कळप आणि प्रेमी युगुल एवढा ठरावीक सरंजाम तेवढा उरला. मराठी समीक्षेत ‘जानपद’ आणि ‘ग्रामीण’ या दोन संज्ञांमध्ये जे अंतर मानले जाते, ते लक्षात घेतले तर या फरकाचे स्वरूप सहज कळू शकेल.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये या सरंजामाची मोठी आवड होती. पी. सी. होफ्ट याने १६०५ मध्ये लिहिलेले ‘ग्रानिडा’ हे राजकन्या आणि मेंढपाळ यांच्या प्रेमाचे नाटक लोकप्रिय ठरले व त्यातील प्रसंगांवर अनेक चित्रे काढली गेली. शहरातील सधन स्त्रीपुरुष मेंढपाळाच्या वेशात स्वतःची व्यक्तिचित्रे काढून घेऊ लागले. रेम्ब्रांटही या हौसेपासून दूर नव्हता. त्याने आपली पत्नी सास्किया हिला १६३४ मध्ये पुष्पदेवता फ्लोराच्या रूपात रंगवले. १६३५ सालच्या आणि आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या चित्रात तिला पुन्हा फुलांनी सजवून गोपवेशात उभे केले. या टप्प्यावर गोपभूमी हा त्याच्यासाठी पेहराव होता. ती अंगावर चढवता येत होती आणि उतरवून ठेवता येत होती.

१६४२ सालच्या ‘बासरीवाला’ या अम्लरेखनात त्याची भूमिका पालटलेली दिसते. त्यात एक तरुणी फुलांचा हार गुंफत बसली आहे, शेजारी शेळ्यामेंढ्या आहेत आणि जवळच आडवा झालेला बासरीवाला आहे. सरंजाम सगळा परंपरेतलाच आहे. मात्र बासरीवाल्याचे लक्ष संगीताकडे नसून तरुणीच्या घागऱ्याखाली आहे, आणि त्याच्या खांद्यावर घुबड बसले आहे. डच लोकव्यवहारात घुबड हे शहाणपणाचे नव्हे, तर मूर्खपणाचे चिन्ह मानले जात असे. गोपकाव्याच्या सोवळ्या प्रेमाची ही उघड थट्टा आहे. तिच्यानंतर एकाच वर्षाने ‘तीन झाडे’ तयार झाले. पेहराव, थट्टा आणि त्यानंतर हे चित्र, असा हा क्रम विचारात घेतला तर या चित्रातील प्रेमी युगुलाला वेगळेच महत्त्व येते.

२. चित्राची मांडणी

चित्राचा आकार सुमारे २१ × २८ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा आहे. तरीही क्षेत्रफळाच्या दृष्टीने रेम्ब्रांटच्या निसर्गदृश्यांच्या अम्लरेखनांत ते सर्वांत मोठे आहे. उजवीकडे एका उंचवट्यावर तीन झाडे उभी आहेत. त्यांचे बुंधे वेगळे, परंतु फांदोरे एकमेकांना भिडलेले आहेत आणि पाठीमागच्या उजळ आभाळावर त्यांचा काळोख ठसठशीत उमटतो. डावीकडे सपाट भूमी दूरवर पसरत जाते आणि क्षितिजावर शहराची बारीक रेषा दिसते. हे शहर ॲम्स्टरडॅम असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मधल्या पट्ट्यात कुरणे आहेत. त्यांत गुरे आणि गुराखी रेघेच्या दोन-चार स्पर्शांनी सुचवले आहेत. आभाळाने चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापला असून त्यात ढग घुसळत आहेत. वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरप्या, सरळ रेघांचा जाड पट्टा खाली उतरतो. ही पावसाची सर असावी. ती येत आहे की सरून जात आहे, हे चित्र स्पष्ट सांगत नाही.

पहिल्या दृष्टिक्षेपात एवढेच दिसते. थोडा वेळ पाहत राहिल्यावर माणसे दिसू लागतात. डावीकडे पुढच्या बाजूस पाण्याच्या काठी एक पुरुष गळ टाकून बसला आहे, त्याच्याजवळ एक स्त्री बसली आहे. उजवीकडे उंचवट्याच्या माथ्यावर माणसांनी भरलेली गाडी आहे. त्याच माथ्यावर एक माणूस बसून काहीतरी रेखाटत आहे. तो चित्रकार आहे. आणि उजवीकडे अगदी खाली, झुडपांच्या दाट काळोखात एक प्रेमी युगुल आहे. ते सर्वांत शेवटी दिसते आणि अनेकांना दिसतही नाही.

या माणसांविषयी एक बाब विशेष नोंदवण्यासारखी आहे. त्यांपैकी कोणीही वादळाकडे पाहत नाही. गळ टाकणाऱ्याचे लक्ष पाण्यावर आहे, गाडी आपल्या वाटेला लागली आहे, युगुल एकमेकांत गुंतले आहे. चित्रकारसुद्धा झाडांकडे वा आभाळाकडे पाठ करून उजवीकडे, चौकटीच्या बाहेरचे काहीतरी पाहत आहे. प्रेक्षकाला जे दृश्य भव्य वाटते, त्यात राहणाऱ्यांना त्याच्याकडे पाहण्याची सवड वा इच्छा नाही. नाट्य आभाळात आहे आणि जीवन जमिनीवर चालले आहे. दोहोंना एकमेकांची दखल घ्यावी लागत नाही.

३. माध्यमाचा विचार

या परिणामाचे रहस्य बऱ्याच अंशी माध्यमात आहे. एचिंग, म्हणजेच अम्लरेखन, या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र रेखाटले असता रेघेपुरता थर निघून तांबे उघडे पडते. नंतर पत्रा आम्लात ठेवला की उघड्या तांब्यावर चर पडतात. आम्लात अधिक वेळ राहिलेली रेघ खोल जाते व छापल्यावर गडद उमटते. थर काढून पत्र्याला शाई लावायची, पृष्ठभाग पुसायचा, चरांत राहिलेली शाई ओलसर कागदावर दाबयंत्राने उतरवायची, अशी ही प्रक्रिया आहे. छाप उलटा उमटतो, त्यामुळे पत्र्यावर डावीकडे काढलेले कागदावर उजवीकडे जाते.

‘तीन झाडे’ केवळ आम्लाने सिद्ध झालेले नाही. रेम्ब्रांटने त्यात ड्रायपॉइंट, म्हणजे उघड्या तांब्यावर थेट सुईने ओरखडणे, आणि ब्युरिन या कोरणीचे काम यांचीही जोड दिली. ड्रायपॉइंटमध्ये रेघेच्या कडेला तांब्याचा खरबरीत किस उभा राहतो, तो शाई धरून ठेवतो आणि छापात मखमली काळोख येतो. मात्र हा किस छपाईच्या दाबाने लवकर झिजतो. साहजिकच आरंभीच्या आणि नंतरच्या प्रतींत सावल्यांची खोली सारखी राहत नाही. प्रत कोणती, तिच्यावर शाई किती, यावर काळोखातले काय दिसेल आणि काय बुडेल हे अवलंबून असते.

या तंत्रातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट अशी की, या चित्रातील प्रकाश रंगवलेला नाही. तैलचित्रात चित्रकार पांढरा रंग वापरून उजेड निर्माण करू शकतो. अम्लरेखनात उजेड म्हणजे हात न लावलेला कागद. झाडांमागचे जे उजळ आभाळ डोळ्यांत भरते, तेथे चित्रकाराने जवळजवळ काहीच केलेले नाही; त्याची सारी मेहनत काळोखावर खर्च झाली आहे. दुसरी गोष्ट रेघांच्या स्वभावाची आहे. ढग आणि पालवी वळणदार, मोकळ्या हाताच्या रेघांनी घडले आहेत. कोपऱ्यातली सर मात्र पट्टी धरून ओढावी तशा ताठ रेघांची आहे. या रेघा काहींना रुक्ष वाटतात. परंतु त्यांच्या रुक्षपणामुळेच वादळ हे निसर्गशोभेत विरघळून जात नाही. ते बाहेरून आत घुसलेले, दृश्याशी न जुळणारे राहते. गोपभूमीचे आभाळ परंपरेने निरभ्र असते. येथे त्या आभाळावर चित्रकाराने अक्षरशः चरे ओढले आहेत.

तुलनेसाठी क्लोद लोरें या फ्रेंच चित्रकाराने १६३६ मध्ये रोममध्ये केलेले ‘गुराखी’ हे अम्लरेखन पाहता येईल. त्यातही गुरे, पाणी आणि झाडे आहेत. परंतु तेथील गुराखी बसून वाद्य वाजवत आहे, गुरे उथळ पाण्यातून संथपणे चालली आहेत आणि मऊ प्रकाश सर्व वस्तूंना एका लयीत बांधतो. आपल्या परीने ती परिपूर्ण कृती आहे. तिच्यातील ऐक्य गुराख्याच्या संगीतातून येते. रेम्ब्रांटच्या चित्रात असे सर्वांना बांधणारे संगीत नाही. तेथे प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या कामात आहे.

४. प्रतीकार्थ आणि चरित्रार्थ

तीन झाडे म्हणजे गोलगोथाच्या टेकडीवरील तीन क्रूस, असा अर्थ या चित्राला दिला गेला आहे. उंचवटा, त्यावरच्या तीन उभ्या आकृती आणि वर काळवंडलेले आभाळ ही सामग्री या अर्थाला पोषक आहे. रेम्ब्रांटने पुढे १६५३ मध्ये ‘तीन क्रूस’ हे प्रसिद्ध मुद्राचित्र केलेही. बायबलशी घनिष्ठ परिचय असलेल्या तत्कालीन प्रेक्षकाच्या मनात हा विचार आला असेल, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु १६५३ सालच्या चित्राशीच तुलना केली असता फरक उघड होतो. तेथे प्रकाश वरून थेट क्रूसांवर कोसळतो आणि गर्दीतील प्रत्येक आकृती त्या घटनेच्या संदर्भात उभी, वाकलेली वा पळणारी आहे. घटना सर्वांना स्वतःभोवती ओढते. ‘तीन झाडे’मध्ये याच्या नेमके उलट घडते. प्रकाश झाडांवर पडत नाही, तो त्यांच्या मागे आहे. आणि माणसे झाडांभोवती गोळा होत नाहीत, ती दूरदूर विखुरलेली आहेत. क्रूसाचा अर्थ मान्य केला तर गळ टाकणारा, गाडीतले लोक आणि झुडपातले युगुल यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. ज्या अर्थासाठी चित्रातील बहुतेक माणसे वगळावी लागतात, तो अर्थ चित्राचा एखादा पडसाद असू शकतो; चित्राचा गाभा असू शकत नाही.

चरित्रार्थाची स्थिती याहून कमकुवत आहे. सास्कियाचे निधन जून १६४२ मध्ये झाले. त्यामुळे वादळी आभाळात पत्नीवियोगाचा शोक पाहण्याचा आणि दुःखाने रेम्ब्रांट शहर सोडून निसर्गाकडे वळला असे म्हणण्याचा मोह होतो. येथे कालक्रम आड येतो. ‘पवनचक्की’ हे त्याचे प्रसिद्ध अम्लरेखन १६४१ सालचे आहे; खोपटी आणि गंजी दाखवणारी अन्य अम्लरेखनेही त्याच वर्षाची आहेत. म्हणजे शहराभोवतालच्या भूमीचे रेखाटन सास्कियाच्या हयातीतच सुरू झाले होते. शोक नव्हता असा याचा अर्थ नाही. शोकामुळे हे चित्र झाले, एवढेच म्हणता येत नाही. शिवाय दुःखाचे चित्र म्हणून पाहिल्यास त्यातील निर्धास्त माणसांचा उलगडा होत नाही. अंधारात बिलगलेले युगुल तर मुळीच समजत नाही.

५. श्रम, शहर आणि घडवलेली भूमी

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ या १९७३ सालच्या ग्रंथात इंग्रजी गोपकाव्याची चिकित्सा केली. या काव्यात शेत दिसते आणि पीक दिसते, पण राबणारा माणूस नाहीसा केलेला असतो, असे त्यांनी सोदाहरण दाखवले. ग्रामीण दृश्याच्या कोणत्याही अभ्यासकाला हा प्रश्न आता टाळता येणार नाही. ‘तीन झाडे’लाही तो विचारला पाहिजे.

या चित्रातील भूमी निसर्गदत्त नाही, माणसाने घडवलेली आहे. हॉलंडचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून आणि पवनचक्क्यांनी पाणी उपसून तो त्या काळी कोरडा ठेवावा लागत असे. ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेकडील बेमस्टर या सरोवराची सुमारे ७,००० हेक्टर जमीन चाळीसहून अधिक पवनचक्क्यांच्या साहाय्याने १६१२ मध्ये पाण्याबाहेर काढण्यात आली, आणि तिला भांडवल पुरवणाऱ्यांत शहरातील व्यापारी होते. पाण्याच्या निचऱ्यावर उभ्या असलेल्या या कुरणांतून शहराला दूध, लोणी, चीज मिळत असे. म्हणजे क्षितिजावरचे शहर आणि समोरचे कुरण या दोन वेगळ्या सृष्टी नव्हत्या. एकीच्या पैशावर आणि भुकेवर दुसरी उभी होती.

हे संबंध चित्र सांगते का? जमीन कोणाची, गुरे कोणाची, गुराख्याला काय मिळते, याविषयी ते मूक आहे. ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि ते दोन गोष्टी करते. एक, ते शहर पुसत नाही. परंपरागत गोपभूमी शहरापासून पळण्याची जागा असते आणि म्हणून शहर तिच्या चौकटीबाहेर ठेवले जाते. येथे शहर क्षितिजावर ठाण मांडून आहे. दोन, ते काम करणाऱ्यांना वगळत नाही आणि त्यांना शोभेची बाहुलीही करत नाही. गुराखी बासरी वाजवत नाहीत, ते गुरांपाशी आहेत. त्यांचा आकार लहान आहे, पण झाडांखालचा चित्रकारही तेवढाच लहान आहे. मुद्राचित्रे विकत घेणारा वर्ग शहरी होता, रेखाटन करीत भटकणारा चित्रकारही शहरीच होता. त्या शहरी नजरेला रेम्ब्रांटने दृश्याचे स्वामित्व दिलेले नाही. तिला उंचवट्यावरच्या एका ठिपक्याएवढी जागा दिली आणि शिवाय तिचे तोंड दुसरीकडे फिरवले.

६. झुडपातले युगुल

आता या चित्रातील सर्वांत गूढ तपशिलाकडे वळता येईल. गोपकाव्यातील प्रेमी युगुल हे त्या सृष्टीचे केंद्र असते. झाडे त्यांच्यासाठी सावली धरतात, पाणी त्यांच्यासाठी वाहते. ‘बासरीवाला’मध्येही, थट्टेच्या रूपाने का होईना, युगुलच चित्र व्यापून होते. ‘तीन झाडे’मध्ये तेच युगुल कोपऱ्यात, जवळजवळ अभेद्य अशा रेघांच्या जाळीत ठेवले आहे. झाडे, आभाळ आणि कुरणे त्यांच्यासाठी सजलेली नाहीत. त्यांना या सगळ्यातून फक्त थोडी आडोशाची जागा मिळाली आहे.

या मांडणीत एक सूचक संतुलन आहे. डावीकडे उघड्यावर एक स्त्री आणि एक पुरुष पाण्याकाठी बसले आहेत. उजवीकडे काळोखात दुसरे एक जोडपे आहे. एक नित्याच्या उद्योगात, दुसरे लपून. पहिले कोणालाही दिसावे असे, दुसरे कोणाला दिसू नये असे. चित्रकार जागोजाग दृश्याची नोंद घेत फिरणारा, पण त्यालाही ते दिसत नाही, कारण ते त्याच्या पायथ्याशी आणि पाठीमागे आहे. उरतो तो प्रेक्षक. तो पुरेसा वेळ थांबला, कागद उजेडाकडे धरून डोळ्यांजवळ आणला, तरच त्याला या गुपिताचा पत्ता लागतो. आणि ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी आपण कोणाच्या तरी एकांतात डोकावलो याची किंचित शरमही त्याला जाणवते. ‘बासरीवाला’मधील चोरटी नजर चित्रातील पात्राची होती, येथे ती प्रेक्षकाच्या पदरी आली आहे.

विल्यम एम्पसन यांनी १९३५ मध्ये गोपकाव्याची व्याख्या करताना गुंतागुंतीचे ते साध्यात घालण्याची प्रक्रिया असे त्याचे स्वरूप सांगितले होते. रेम्ब्रांटच्या बाबतीत याला एक पुस्ती जोडावी लागते. त्याने साध्याला पुन्हा गुंतागुंतीत नेऊन ठेवले. गोपभूमीचे सुख त्याने नाकारले नाही, खोटेही ठरवले नाही. ते सुख कोठे आणि किती जागेत असू शकते, हे मात्र त्याने बदलले. पावसाच्या सरीखाली, शहराच्या दृष्टिपथात, इतरांच्या कामाच्या शेजारी आणि कोणाच्याही नजरेस न पडता ते असू शकते. याहून अधिक आश्वासन हे चित्र देत नाही. परंतु जेवढे देते तेवढे विश्वसनीय वाटते, कारण त्यासाठी वादळ, श्रम वा शहर यांपैकी काहीही लपवावे लागलेले नाही. लपले आहे ते केवळ सुखच.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून असे दिसून येते की, ‘तीन झाडे’ या चित्राचे मोठेपण एखाद्या दडलेल्या अर्थात नाही. प्रतीकार्थ त्यातील माणसे वगळतो, चरित्रार्थ कालक्रमाशी विसंगत ठरतो, आणि समाजशास्त्रीय आक्षेप अंशतः खरा असला तरी चित्र स्वतःच त्याचे काही उत्तर देते. चित्राचे मोठेपण लक्ष वाटून देण्याच्या पद्धतीत आहे. जे भव्य आहे ते ते चटकन दाखवते, जे नित्याचे आहे ते थोड्या वेळाने, आणि जे सर्वांत नाजूक आहे ते सर्वांत शेवटी. रेघ, आम्ल, काळोख आणि कोरा कागद यांवाचून हा क्रम साधता आला नसता.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. आज मोठ्या संग्रहालयांनी या चित्राच्या सुस्पष्ट प्रतिमा सर्वांसाठी उपलब्ध केल्या आहेत आणि वर्गातील पडद्यावर त्या हव्या तेवढ्या मोठ्या करता येतात. ही सोय मोलाची आहे. मात्र उजवा कोपरा मोठा करून विद्यार्थ्यांना ‘हे पाहा युगुल’ असे सांगितले की, ते युगुल दिसते आणि त्याचे लपणे नाहीसे होते. म्हणजेच चित्राने ज्यासाठी एवढा काळोख विणला तेच हातचे जाते. परीक्षेच्या उत्तरात ‘तीन झाडे म्हणजे तीन क्रूस’ हे वाक्य लिहून देण्यानेही हेच घडते. त्यापेक्षा मूळ आकाराची, वहीच्या पानाएवढी छापील प्रत प्रत्येकाच्या हाती देऊन दहा मिनिटे काहीही न सांगता थांबणे अधिक फलदायी ठरेल. कोणाला गाडी दिसेल, कोणाला गळ दिसेल. वर्गातील एखाद्यालाच झुडपातले दोघे दिसतील, आणि बहुधा तो ते लगेच बोलून दाखवणार नाही. त्या संकोचापाशी चित्राचा खरा आस्वाद सुरू झालेला असेल.